बांधावरचे ससे

आळंदीला कीर्तनाला निघालो होतो. चाकणच्या थांब्यावर मोटारीची वाट पाहत होतो, तर माझ्या मागेच अंबूबाई आणि त्यांचे शेजारी चिमाजीराव यांची जुंपलेली.

"वहिनी, तुमच्या सशांनी माझी निम्मी मेथी खाल्ली."

"माझे कशाचे? कारखान्याच्या साहेबानं बदली झाल्यावर माळरानात सोडलेले. कुत्री फाडत व्हती, म्हणून घरी आणले."

"लई पुण्य केलंत. ते पुण्य रोज माझ्या वावरात चरतंय. उद्या शिकारी कुत्रीच सोडतो."

"अन् गळ्यातली तुळशीची माळ?"

"मी कुठं मारतोय? मारणार कुत्री. त्यांनी न्हाई माळ घातली."

"व्हय की! मग कीर्तनालाबी त्यांनाच धाडायचं. तुमी कशाला तसदी घेतली?"

"थट्टा पुरे. ससे आवरा."

"आवरते. आधी बांधावरचं काटेरी कुंपण परत घाला. ते व्हतं तवर एक ससा पलीकडं गेला न्हाई."

"त्याला वाळवी लागली."

"वाळवी मोठी हुशार बाई! कुंपण खाल्लं अन् बांधबी चार हात माझ्या वावरात सरकवला."

"तसं काय न्हाई..."

"मग उद्याच तलाठ्याला बोलावते. हद्दीचा दगड तो दाखवील, तिथं कुंपण घाला. त्यानंतर एक जरी ससा पलीकडं आला, तर खुशाल कुत्री सोडा."

मोटार आली. चिमाजीरावांनी अंबूबाईंची पिशवी स्वतः उचलून आत ठेवली.

"ऱ्हाऊ द्या वहिनी. मुकी जनावरं ती, खाऊन खाऊन किती मेथी खातील?"