मेलेला घोडा खिंकाळला

हां, टाळ जरा खाली ठेवा. बुक्का लावून झाला, हार गळ्यात पडला. गोविंदरावांनी पाण्याचा पेला पेटीवर ठेवला आणि लगेच उचलला, कारण मी डोळे वटारले! पेटी म्हणजे काय टेबल आहे होय? बसा सावरून. आता आख्यान.

मंडळी, ऐका. आज प्रश्न अगदी साधा आहे. ज्याला दिसत नाही, त्याला आपण काय सांगावं? जे दिसतंय ते, की जे दिसायला हवं होतं ते? "बुवा, यात काय विचारायचं? दिसतंय ते!" असंच म्हणताय ना? माना डोलताहेत. डोलू द्या. शेवटी बघू, किती डोलत राहतात.

आंधळ्या राजाजवळ बसून रणांगण सांगणारा तो सारथी आठवतो? नाव मी घेत नाही, तुमच्या ओठांवर आलंच आहे. राजाची पोरं एकामागून एक पडत होती. त्यानं एकाला तरी जिवंत ठेवलं का? नाही! झालं ते सांगितलं. म्हणून तर राजा रोज विचारत राहिला, "पुढे काय झालं?" खोटं सांगणाऱ्याला पुढचं कोण विचारतो हो?

पण आज ती कथा नाही. आज कथा सिनेमाची. ते बघा, मागच्या खांबाजवळचे आजोबा दचकले! "कीर्तनात सिनेमा?" अहो, थांबा की. तिकीट नाही काढायचं, नुसतं ऐकायचंय.

मिरजेत हेरंब कुरुंदवाडे म्हणून चित्रकलेचे मास्तर होते. चाळिशीला टेकलेले, लग्न झालेलं नाही, घरात ते आणि त्यांची थोरली बहीण कुमुदिनी. पण कुमुदिनी कोण म्हणणार? सगळी गल्ली अक्काच म्हणायची. आई लवकर गेली, हेरंबला वाढवलं ते अक्कानं. आणि याच अक्काची नजर पुढे काचबिंदूनं गेली. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग समोरचं, मग काहीच नाही.

पण अक्का रडत बसणारी नव्हे! ती विचारायची. सकाळी दार उघडलं की, "हेरंब, आभाळ कसलं आहे रे?" भाजीवाला आला की, "वांगी तुकतुकीत आहेत का?" साडी नेसली की, "रंग कोणता?" आणि मास्तर सांगायचे. चित्रकलेचा माणूस, त्याचं सांगणं कसं असणार? "आभाळ धुतलेल्या पाटीसारखं आहे अक्का, कोपऱ्यात जरा खडू राहिलाय." अक्का खूश! हेरंबच्या डोळ्यांवर तिचा संसार चालला होता.

आता मास्तरांचं वेड सांगतो. लहानपणी त्यांना कावीळ झाली. अंथरुणातून उठायचं नाही, तेलकट खायचं नाही, खेळायचं नाही. पोर नुसतं किरकिर करायचं. तेव्हा अक्कानं वाचनालयातून एक जाडजूड कादंबरी आणली: काजळगड. अद्भुताची गोष्ट होती. ज्या राज्यात दिवा लावायला बंदी, तिथली वेणा नावाची मुलगी दूरच्या डोंगरातून विस्तव आणायला निघते. तिच्याबरोबर पारवा. पारवा म्हणजे घोडा हो! करड्या रंगाचा, आख्ख्या राज्यातला एकुलता एक घोडा. आणि गडावर बसलेली काजळराणी, जिनं सगळा उजेड गिळलाय.

अक्का सोंगं काढून वाचायची. घोडा आला की जिभेनं टपटप, राणी आली की आवाज घोगरा. पोराची कावीळ उतरली, पण काजळगड काही उतरला नाही! पुढे मास्तरांनी त्या राज्याचा नकाशाच घराच्या भिंतीवर रंगवला. अक्काची नजर गेल्यावर उलटं झालं. मास्तर वाचायचे आणि अक्का ऐकायची. दोघांनाही पानंच्या पानं पाठ होती.

आणि एक दिवस बातमी आली: काजळगडवर सिनेमा!

मास्तर काय खूश? छे! मास्तर धास्तावले. वेडा माणूस असाच असतो. आपलं लाडकं दुसऱ्याच्या हातात गेलं की याचा जीव खाली-वर. जाहिरातीचं चित्र बघूनच मास्तरांनी शाळेत कुरकुर सुरू केली, "वेणाच्या कानात झुमके? विस्तव आणायला निघालीय की हळदीकुंकवाला?"

अक्का मात्र हरखली. "हेरंब, मला सिनेमा बघायचाय." बघायचाय म्हणाली बरं का, ऐकायचाय नाही! "मी शेजारी बसते, तू कानात सांग. पडद्यावर जे जे दिसेल ते सगळं सांग."

मास्तर म्हणाले, "हो अक्का. सगळं सांगतो."

दुपारच्या खेळाला दोघं गेली. मागच्या रांगेत बसली, म्हणजे कुजबुजीचा कुणाला त्रास नको. सुरुवात छान झाली. "डोंगर आहेत अक्का, काळेभोर. धुकं आहे. वेणा उतारावर उभी आहे." अक्का पुढे सरकून बसली.

आणि मग, मंडळी, पडद्यावर एक तरणाबांड सेनापती आला! पुस्तकात सेनापतीच नाही. त्यानं वेणाचा हात धरला आणि गाणं सुरू झालं. मागे नाचणाऱ्या बायका, कमरेवर कळशा. मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली!

"हेरंब, हे गाणं कसलं रे? आपल्या पुस्तकात नाही."

आता काय सांगायचं? खरं सांगायचं तर आपल्या काजळगडाची अब्रू चव्हाट्यावर! मास्तरांच्या तोंडून निघून गेलं, "जंगलातल्या लोकांचा सण आहे अक्का. वेणा लांबून बघतेय."

हे पहिलं खोटं. पुढची कशी आपोआप येतात! सेनापती वेणाला घेऊन नदी पोहून गेला, मास्तरांनी नावाड्याला बोलावून वेणाला नावेत बसवलं. पडद्यावर एक सिनेमा, अक्काच्या कानात दुसरा! आणि मास्तरांना त्यात काही चुकतंय असं वाटेना. उलट वाटलं, चांगलंच करतोय मी. या लोकांनी बिघडवलं, मी दुरुस्त करतोय!

मग आला गडाचा चढ. पुस्तकात या चढावर पारवाला बाण लागतो आणि तो मरतो. पडद्यावरही बाण लागला, पारवा कोसळला. थिएटर चिडीचूप. आणि मग, पडद्यावर पारवा हलला. पाय झाडले. उठला! लोकांनी शिट्ट्या मारल्या!

मास्तर काय म्हणाले असतील? "गेला अक्का. पारवा गेला. वेणानं त्याच्या डोळ्यांवरून हात फिरवलाय."

"मग शिट्ट्या कसल्या?"

"टारगट पोरं. त्यांना कशाची कदर आहे?"

अक्का पदर तोंडाला लावून रडायला लागली. आणि मास्तर? मास्तरांना बरं वाटलं हो! निदान हिच्यापुरतं तरी पुस्तक वाचलं, असं वाटलं.

शेवट तर विचारूच नका. पुस्तकात वेणा लढतच नाही. ती विस्तव मधे ठेवते आणि काजळराणीला म्हणते, "थंडी वाजतेय ना? ये, बस जवळ." आणि राणी येऊन बसते. संपलं! आणि पडद्यावर? तलवारबाजी! खणखण, खणखण, संपता संपेना.

"हेरंब, हा खणखणाट?"

"गडावर लोहार आहेत अक्का. काम चाललंय."

हसताय? हसा, हसा! अक्काच्या कानात वेणा राणीला शेकोटीजवळ बोलावतेय आणि शेजारी लोहार घण घालताहेत!

आणि मग अगदी शेवटी, सगळं शांत झाल्यावर, पडद्यावरून मोठ्यानं आवाज आला: घोड्याच्या खिंकाळण्याचा! सगळं थिएटर ओरडलं, "पारवा! पारवा!"

अक्कानं मान वळवली. "हेरंब, कोण खिंकाळलं?"

"दुसरा... दुसरा घोडा आहे."

"आख्ख्या राज्यात एकच घोडा आहे हेरंब. मला नको शिकवू काजळगड."

घरी आल्यावर अक्का नकाशाच्या भिंतीला पाठ टेकून बसली. भांडली नाही, आवाज चढवला नाही. म्हणाली, "तू मला आज सिनेमा दाखवलासच नाही."

मास्तर उसळले, "अक्का, त्यात दाखवण्यासारखं होतं काय? वाट लावलीय पुस्तकाची! मी तुला चांगलं तेच सांगितलं."

"तुला कावीळ झाली होती तेव्हाचं आठवतं? पारवाच्या मरणाचं पान आलं. तू एवढा अशक्त, मला वाचवेना. मी म्हटलं, पारवा उठला, चालायला लागला. पुढे तू स्वतः वाचलंस. आणि काय केलंस?"

मास्तरांची मान खाली गेली. काय केलं होतं? अक्काशी बोलणं टाकलं होतं! जेवायला वाढलं की ताट सरकवायचे. "तू मला खोटं वाचून दाखवलंस" म्हणून आकांत केला होता.

अक्का म्हणाली, "मी घोडा जिवंत ठेवला तो तुझ्यासाठी. तू आज मारलास, तो कुणासाठी?"

मंडळी, कुणासाठी हो? अक्कासाठी? अक्का तर पदर भिजवून बसली होती! मारला तो स्वतःच्या हट्टासाठी. मी म्हणतो तेच पुस्तक, मी म्हणतो तोच शेवट.

दुसऱ्या दिवशी अक्कानं दार उघडलं. मास्तर वाट बघत उभे, आता विचारेल, आभाळ कसलं आहे. अक्का पायरीवर गेली आणि शेजारी हाक मारली, "शाहीनभाभी, आज ढग आहेत का गं?" भाजीवाला आला. "भाभी, वांगी बघ जरा." साडी नेसली. "भाभी, रंग कोणता?" आणि भाऊ बाजूला उभा, दोन्ही डोळे धडधाकट! त्या डोळ्यांना कुणी विचारेना. जेवण वाढत होती, औषधं घेत होती, बोलतही होती. फक्त विचारत नव्हती. मास्तरांना घास गिळवेना. शिव्या दिल्या असत्या तरी बरं वाटलं असतं त्यांना.

सिनेमा उतरायची वेळ आली. अक्का म्हणाली, "मी भाभीबरोबर जातेय. बघायचा राहिलाय माझा."

मास्तर म्हणाले, "मी येऊ? बोलणार नाही."

"थिएटर काय माझ्या मालकीचं आहे? ये."

गेली तिघं. मधे अक्का, एका बाजूला भाभी, दुसऱ्या बाजूला तोंडाला कुलूप लावलेले मास्तर. भाभीचं सांगणं कसं? "डोंगर हाय. बाई हाय. घोडा हाय. आता एक गडी आला, झ्याक दिसतोय. आता गाणं. अजून गाणंच चाललंय." बस! ना धुकं, ना उतार. पण अक्का मजेत! "गडी? कोणता गडी? अगं बाई, हात धरला? मेल्यानं आमच्या वेणाचा हात धरला?" आणि खो खो हसली. ज्या गाण्यानं मास्तरांचा जीव गेला होता, त्या गाण्यावर अक्का हसत होती. मास्तर अंधारात तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

मग तो चढ आला. बाण सुटला. पारवा कोसळला. आणि शाहीनभाभीनं हुंदका दिला! भाभीला पुढचं काय ठाऊक? तिच्यासाठी घोडा मेला. पदर डोळ्यांना लावला, तोंडून शब्द फुटेना.

"भाभी? काय झालं? अगं, बोल की!" अक्का चाचपडायला लागली. "कुणीतरी सांगा ना काय चाललंय!"

मास्तर पुढे वाकले. "पडलाय अक्का. कुशीवर पडलाय. मान मातीत आहे. डोळा उघडा आहे. वेणानं त्याच्या मानेवर डोकं ठेवलंय. कान... अक्का, कान हलला. पुढचा पाय जमिनीवर घासतोय. घसरला. पुन्हा घासतोय. गुडघ्यावर आलाय."

"खरं?"

"खरं. तुझी शपथ. उठतोय अक्का. उठला! थरथरतोय, पण उभा आहे!"

आणि मास्तरांना रडू कोसळलं. का? पुस्तक बिघडलं म्हणून? नाही हो! अंथरुणातल्या त्या पिवळ्या पडलेल्या पोराला अक्कानं सांगितलं होतं ना, पारवा उठला म्हणून? तो आज त्यांच्या डोळ्यांसमोर उठला होता. गेल्या खेपेलाही उठला होता, पण तेव्हा यांनी बघितलंच कुठे! कसेबसे म्हणाले, "तू वाचून दाखवला होतास ना, तसाच उठला गं."

अक्कानं त्यांचा हात घट्ट धरला. मग तलवारबाजी आली. मास्तर सांगायला लागले, "आता लढाई आहे अक्का. राणीला शेकोटीजवळ बोलावतच नाही. सगळा विचका केलाय. पण तलवारींवर विस्तवाचा उजेड पडलाय, तो मात्र फार सुंदर दिसतोय."

"सुंदर तेवढं सांग. विचका मला ऐकू येतोय."

बाहेर आली तिघं. भाभी रिक्षा बघायला पुढे गेली. मास्तरांनी भीत भीत विचारलं, "कसा वाटला अक्का?"

"शेवट घालवला मेल्यांनी. पुस्तकाची सर नाही." आणि हसली. "घोडा मात्र माझ्याकडून घेतला!"

मग पायरी उतरता उतरता पदर चाचपत म्हणाली, "हेरंब, आज साडी कोणती नेसलेय रे मी?"

मंडळी, केवढासा प्रश्न! मास्तर पदराकडे वाकून बघायला लागले. म्हणाले, "मोरपंखी आहे अक्का. आणि पदराला चहाचा डाग पडलाय."

"बघ! भाभीनं सांगितलंच नव्हतं." आणि तिनं त्यांचा दंड धरला.

कथा संपली. आता तुमची पाळी. हो, तुमचीच! घरातले म्हातारे बाबा विचारतात, "पुण्याच्या नातवाला नोकरी लागली का?" आपण काय सांगतो? अंथरुणावरची आई विचारते, "डॉक्टर काय म्हणाले?" आपण काय सांगतो? आणि वर स्वतःला सांगतो, त्यांच्या भल्यासाठी! मग एक दिवस ती माणसं विचारायची थांबतात. आपल्याला वाटतं, झालं, समाधान झालं यांचं. अहो, समाधान नाही झालेलं. ती शेजारच्या भाभीला विचारायला लागली आहेत! काय, डोलताहेत का माना अजून?

चला, गोविंदराव, सूर धरा. कापूर पेटवा. मागच्या लोकांना इथून गाभारा दिसत नाही, त्यांनी पुढच्यांना विचारा देव कसा दिसतोय ते. आणि पुढच्यांनो, जसा आहे तसाच सांगा. गळ्यातला हार कोमेजला असेल, तर कोमेजलाय म्हणून सांगा.