चारशे दुपट्टे, आकाशी

– म्हणजे आकाशीच पाहिजे? नाई, कापड आहे ना जी, जठारपेठेत पक्षाचे दुपट्टे विचारा, कोणीबी माह्या दुकानाकडे बोट दाखवते. बसा. चहा सांगतलाय. मी फक्त विचारून राहिलो, कारण तुमच्या आमदारसायबाचा सध्या जांभळा आहे. अन् त्याच्याआधी पिवळा – निवडणुकीतले तीन हजार मीच तर शिवून देल्ले.

पेपरवाले छापतात ना, विधानसभेत कोणाचे किती – दोनशे अठ्ठ्याऐंशीत याचे एवढे, त्याचे तेवढे – मी ते वाचतच नाई. काहून वाचू? पक्षप्रवेशाले दुपट्टा गळ्यात पडायचा, तर तो दोन दिवस आधी शिवा लागते. मंग पहिले कोणाले कळते? राज्यपालाले? नाई जी, दुपट्टेवाल्याले. अकोल्यात बसून मी मुंबईची बेरीज सांगतो. तिवस्याच्या एका पुढाऱ्यानं असेच दुपट्टे नेले अन् ऐनवेळी घरीच बसला – बायकोनं पायपुसणे केले त्याचे. हसा ना, हसण्यासारखंच आहे.

मागच्या खेपेले मात्र... जाऊ द्या. नाई, तसं काही नाई. वामनराव, शाळेचा मास्तर, माहा चाळीस वर्षांचा दोस्त. तुमच्या सायबासाठी हा माणूस उन्हात घरोघर फिरला, लोकायले म्हणे, पिवळ्याचा आमदार पिवळाच राहीन, हा माहा शब्द. अन् मंग माह्याकडे जांभळ्याची ऑर्डर आली. शिवणाऱ्या बायायले मी सांगतलं, शाळेच्या संमेलनाचे आहेत. त्याच संध्याकाळी वामन इथं येऊन म्हणे, अफवा आहे ना रे? मी काय म्हतलं असन? अफवाच आहे, चहा घे. गिऱ्हाइकाची गोष्ट बाहेर नाई काढायची, धंद्याचा नियम आहे माहा. तिसऱ्या दिवशी तो चौकात सायबाच्या बाजूनं भांडून राहिला होता, अन् समोरच्या टीव्हीवर सायेब जांभळा. लोकं तोंडावर हसले त्याच्या. तेव्हापासून तो या रस्त्यानं येत नाई. बरोबरच आहे. सगळी विधानसभा फिरली तरी तो एक माणूस फिरणार नाई – म्हणून तर मले त्याले तोंड दाखवता येत नाई.

या बारीनं सांगणार त्याले. हो, तुमच्या तोंडावर सांगतो. ऑर्डर गेली तर गेली. आजच जातो त्याच्या घरी, म्हणतो, वामन, सायेब परवा आकाशी होऊन राहिला, तू कोणाले शब्द देऊ नको –

काय झालं? चिठ्ठी? द्या. लांबी-रुंदी लिहिली असन.

हे कोणं लिहिलं? 'काठ बारीक ठेवावा. धुतल्यावर रंग जाऊ नये.' नाई, खाली पट्टी लावून रेघ मारणारा माणूस मले एकच माहीत आहे, म्हणून विचारलं... मास्तरनंच पाठवलं तुमाले? तालुक्याचं अध्यक्षपद देऊन राहिले त्याले? अन् तो सोता काहून नाई...

हां. ते मले माहीत आहे.

चारशे. परवा दुपारी न्या. चहाची वाट नका पाहू, या आता.