शून्य चुकांची कॉपी

...नाही, बूमेदीनदादा, यंत्रानं चूक दाखवली नाही म्हणजे चूक झालीच नाही, असं होत नाही! परवा फोनवर इथवर आलो आणि दादानं फोन आपटला. म्हणून उरलेलं आज सगळ्यांसमोर. मी हस्सी मसूदला तेलविहिरीवर आहे, सुट्टी मिळाली नाही. कागद माझा, आवाज धाकट्या बहिणीचा. नसीमा, दादाकडे बघू नकोस, वाच.

तर आजच्या समारंभाच्या अध्यक्षा लाल्ला झुलैखा, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, तिलिम्सानच्या आपल्या गायन मंडळाचे चिटणीस म्हणजे आमचे हेच चुलतभाऊ बूमेदीनदादा, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे गुरुजी सी गौती, बंधूंनो आणि भगिनींनो, सर्वांना सलाम.

गुरुजींना मानाचा बर्नूस झगा पांघरून झाला असेल, बदामाची मिठाई फिरत असेल. घ्या, घ्या. पण त्यांनी वर्षानुवर्षं तालमी रेकॉर्ड करून जपलेल्या सीड्या या शुक्रवारी भंगारात जाणार, हे किती जणांना ठाऊक आहे? दादानं त्या झटपट पद्धतीनं संगणकात उतरवून घेतल्या, आता मंडळाला खोली रिकामी हवी.

मी विचारलं, "हळू पद्धतीनं का नाही केल्यास?"

"करून पाहिली की! एका सीडीला पाऊण तास, वर एकोणीस चुका. झटपटमध्ये पाच मिनिटं, चूक शून्य. आता सांग, शहाण्या, चांगली कुठली?"

"अरे दादा, झटपटवाली तपासतच नाही, तर दाखवणार काय?"

"तू विहिरी खण बाबा. इथलं आम्ही बघतो."

बघितलंत ना? ओरखडा आला की झटपटवाली आजूबाजूच्या आवाजावरून अंदाजानं भरते आणि गप्प बसते. गुरुजींच्या पत्नी लाल्ला रब्हा कधी लोकांसमोर गायल्या नाहीत. एकदाच तालमीत मुलींना ओळ समजावताना गायल्या, ती एकच सीडी, तीही ओरखडलेली. आता त्या नाहीत. संगणकावर ते ऐकून गुरुजी म्हणाले, "हा श्वास रब्हाचा नाही." आणि मंडळी काय म्हणाली? सी गौतींचं वय झालं, कान गेले!

कान गेले? गुरुजी आम्हाला ओळ दोनदा म्हणायला लावत. दोन्ही खेपा जुळल्या तरच पुढे, नाहीतर तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. मी चिडायचो, "एकदा बरोबर आलं ना, सी गौती?" ते म्हणत, "कशावरून?" हळू पद्धत दुसरं काय करते? तोच तुकडा पुन्हा वाचते, ताडून बघते, आणि नाहीच जुळला तर तसं तोंडावर सांगते. या हॉलमधला प्रत्येक जण त्याच शिस्तीत वाढला आणि गुरुजींच्याच सीड्यांच्या वेळी सगळ्यांना घाई!

अध्यक्षीणबाई, एवढंच मागतो: सीड्या फेकू नका. लाल्ला रब्हांची आधी घ्या, हळू लावा, अख्खी रात्र लागली तरी लागू दे. जिथे वाचताच येणार नाही तिथे निदान गुरुजींना खरं कळेल.

तुम्ही ऐकून घेतलंत, उपकार झाले. माझी शाळा अर्धवट, जीभ तिखट. कुणाला लागलं असेल तर लहान म्हणून सोडून द्या. दादा, तूही. खोलीची अडचण खरी आहे, मान्य. म्हणून सीड्या ठेवायला समोरचं गोदाम तीन महिने घ्या. भाडं नसीमाच्या पोस्टाच्या खात्यावर पाठवतो आहे: अठरा हजार दिनार.