गाडी नसलेली खुर्ची

नाही, पण मला एक सांगा, टाकून दिलेली वस्तू कचरेवाल्यांनी न्यायची असते ना? मग माझीच खुर्ची का नाही नेली? तुम्हाला सांगते, स्वयंपाकघरातली पिवळी खुर्ची, एक पाय लुळा, बसलं की कर्रर्र करायची आणि दर वेळी मी दचकायची... म्हणून सकाळी खाली नेली. फुटपाथवर बर्फाचा हा एवढा ढीग, म्हणून ठेवली रस्त्यावर, दोन गाड्यांच्या मधे कुणीतरी बर्फ छान उपसून ठेवलेल्या जागेत... हो, कळलं, कळलं! जन्म पिट्सबर्गचा, कॉलेज इथलंच, आणि उपसलेल्या जागेत खुर्ची म्हणजे 'गाडी लावायची ही जागा आमची', हे मला सुचू नये? पण मला ती फक्त टाकून द्यायची होती हो!

कचऱ्याची गाडी आली. माणूस उतरला, खुर्ची बघितली, टोपी सारखी केली आणि शेजारची पिशवी तेवढी उचलून गेला! आमच्याकडे लोक सिग्नल तोडतील, महापौरांना तोंडावर शिव्या देतील, पण दुसऱ्याची खुर्ची? छे!

आणि माझ्याकडे गाडीच नाही! हॉर्न वाजला की मी फुटपाथवर चालत असले तरी बाजूला उडी मारते.

जागा उपसली होती कुणी? खालच्या मजल्यावरच्या झेलिन्स्की काकांनी! त्या दुखऱ्या गुडघ्यानं! उपसली, स्वतःची खुर्ची ठेवायला विसरले, डॉक्टरकडे गेले, परत येऊन बघतात तर पिवळी खुर्ची. भांडावं की नाही माणसानं? नाही! गाडी लावली पार टेकडीच्या माथ्यावर, आणि मलाच जिन्यात म्हणतात, "चूक माझी गं, टेस. ज्याची खुर्ची त्याची जागा. एवढं जरी पाळलं नाही तर शहरात उरलं काय?"

मी म्हटलं, "हो ना."

मग गल्लीला जोर चढला. समोरची रोझॅन काकू पायरीवरून, "हे त्या नव्यानं राहायला आलेल्या, महागडी कॉफी पिणाऱ्या दाढीवाल्यांचं काम! घरभाडी वाढवली, आता जागाही बळकावतात!" शुक्रवारी चर्चमध्ये तळलेल्या माशांच्या पंगतीत हाच विषय. नगरसेविकाबाई मतं मागायला आलेल्या, त्यांना धरलं. त्या म्हणाल्या, "मी खुर्च्यांच्या बाजूनं ठाम उभी आहे, आणि रस्ते मोकळे असावेत याच्याही!" टाळ्या! मीही वाजवल्या. न वाजवून सांगते कुणाला?

एकदा धीर करून उचलायला गेले, तर समोरून रोझॅन काकूची खिडकी धाडकन उघडली, "ए! कुणाची खुर्ची उचलतेस? लाज नाही वाटत?" मी एवढी दचकले की खुर्ची खाली ठेवून तिलाच 'सॉरी' म्हटलं. खुर्चीला! आणि मला ती फक्त टाकून द्यायची होती...

मार्च आला, बर्फ वितळला, खुर्ची जिथल्या तिथे. त्या दिवशी खिडकीतून बघते तर काका टेकडी उतरतायत, हातात सामानाची पिशवी, दर खांबाला धरून थांबतायत. मला राहवेना. धावत खाली गेले. "काका, खुर्ची माझी आहे!"

"तुझी?" काकांनी पिशवी खाली ठेवली. "अगं, मग आधी सांगायचं! मी उगाच त्या दाढीवाल्यांकडे बघणं सोडलं होतं."

"तुम्ही लावा ना गाडी तिथे!"

"छे! जागा तुझी."

"पण मला गाडी नाही!"

काकांनी खुर्चीची पाठ थोपटली. मग खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. "मग माझी चालव. तू लावलीस तर चालतं."

म्हणजे झालं ना! खुर्ची माझी, हे काकांनी गल्लीभर सांगितलं, मी शिकाऊ परवाना काढला, काका शेजारी बसतात, मी हॉर्नला किंचाळते, तेही किंचाळतात. काल पहिल्यांदा गाडी त्या जागेत मागे घेतली. खुर्ची बाजूला करायला उतरायचं असतं, ते राहिलं... चाकाखाली कर्रर्र! यावेळी मात्र शेवटचं. रोझॅन काकूनं छातीवर क्रूसाची खूण केली. मी तोंड पाडलं, पण आतून म्हटलं, सुटले! काका आता दारातच उतरणार, आणि मला जी फक्त टाकून द्यायची होती, ती गेली एकदाची!

आज सकाळी दुकानात जायला काकांना घेऊन निघाले. गाडी बाहेर काढली, आरशात बघते तर गल्लीतले सगळे जमलेले, आणि मोकळ्या जागेत रोझॅन काकू रुमालानं पुसून ठेवतेय... नवी कोरी खुर्ची. पिवळीच. माझ्यासाठी, वर्गणी काढून.

चारही पाय शाबूत आहेत हो तिचे.