अप्पा टॉर्च मागतात

(म्हैसूर, कुवेंपुनगर. दुपारची वेळ. पद्मनाभ अंथरुणाला खिळलेले आहेत. त्यांचा मुलगा रविकिरण टोरांटोला असतो. त्यांची थोरली बहीण रुक्मिणीबाई हुणसूरच्या बसने नुकतीच येऊन पोचली आहे. पद्मनाभांची मुलगी पूजिता तिला 'अत्ते' म्हणजे आत्या म्हणते, तिच्याशी कन्नडात बोलते, रुक्मिणीबाईही तिला कन्नडातच उत्तर देते. भावाशी मात्र मराठीत. पूजिताला मराठी येत नाही.)

पूजिता : ...म्हणून फोन केला, अत्ते. नंबर बदलला असेल अशी धाकधूकच होती.

रुक्मिणीबाई : नंबर तोच आहे की. झटका येऊन महिना झाला म्हणतेस, आणि मला आज कळतंय?

पूजिता : अप्पांना आवडलं नसतं. म्हणजे... तुमचं दोघांचं बोलणंच नव्हतं ना.

रुक्मिणीबाई : असू दे. आता बोलतो का काही?

पूजिता : उजवी बाजू गेली. इंग्लिश गेलं, कन्नडही गेलं. पेपरातल्या कन्नड चुकांवर लाल पेनानं खुणा करणारा माणूस; आता हो-नाहीसुद्धा येत नाही. नुसते आवाज काढतात. आम्ही म्हटलं, मेंदूला मार बसलाय, बडबडत असतील. काल स्पीच थेरपिस्ट आल्या होत्या. त्यांनी विचारलं, लहानपणी घरात कुठली भाषा होती? तेव्हा तुम्ही आठवलात.

रुक्मिणीबाई : तेव्हा आठवले होय. सरक जरा, बघू दे त्याला. अय्यो, काय ही दशा! पद्मा, ए पद्मा! ओळखलंस का?

पद्मनाभ : अ... अक्का.

पूजिता : अक्का म्हणाले! अत्ते, अक्का म्हणाले!

रुक्मिणीबाई : मग काय म्हणेल? दुसरी कोण आहे मी त्याची? आणि हा टॉर्च कशाला ठेवलाय उशाशी?

पूजिता : तेच मागतात ते सारखे. 'टॉर्च, टॉर्च' करतात. आधी जुना दिला तर भिरकावला. मग रविकिरणनं टोरांटोहून हा मागवून दिला, चांगला भारीतला. हातात दिला की रडतात. आम्हाला वाटलं अंधाराची भीती वाटत असेल, म्हणून दिवे चालूच ठेवायला लागलो. चोवीस तास. त्यानं झोप उडाली, ते वेगळंच.

पद्मनाभ : अक्का... टोच... टोच...

पूजिता : बघा. हेच.

रुक्मिणीबाई : थांब. तू गप्प राहा जरा. पद्मा, काय रे? परत सांग बघू.

पद्मनाभ : टोचतंय. खाली... टोचतंय गं.

रुक्मिणीबाई : देवा! पोरी, टॉर्च नाही मागत तो. टोचतंय म्हणतोय. काहीतरी रुततंय त्याला, दुखतंय! कुठं रे, पद्मा?

पद्मनाभ : पाठी... खाली. किती सांगितलं. कुणी... ऐकेना.

रुक्मिणीबाई : त्याला कुशीवर घे. धर तिकडून.

पूजिता : हलवायचं नाही, अत्ते. ओरडतात. म्हणून नागराजनं, आमच्या होम नर्सनं, कूस बदलणंच बंद केलं. मीच म्हटलं त्याला, राहू दे, त्रास नको.

रुक्मिणीबाई : धर म्हणते ना! हं. चादर काढ. लुंगी खाली कर... विठ्ठला!

पूजिता : काय झालं? अत्ते, काय... हे काय आहे?

रुक्मिणीबाई : बघू नकोस. नाही, बघ. बघायलाच पाहिजे तुला. एका जागी पडून पडून कुजलंय. आतपर्यंत गेलंय.

पूजिता : मला वास येत होता. खोलीत शिरले की यायचा. मला वाटलं औषधांचा... मी रूम फ्रेशनर लावला, अत्ते.

रुक्मिणीबाई : रडायला मागाहून वेळ आहे. डॉक्टरांना फोन लाव आधी.

पूजिता : हॅलो, डॉक्टर... हो, अप्पाच. कमरेखाली जखम आहे. मोठी, खोल. ताप? दोन दिवस आहे थोडा. हो... हो. लगेच आणते. अत्ते, ॲम्ब्युलन्स पाठवतायत. इन्फेक्शन रक्तात गेलं असेल म्हणाले. हे आधी का नाही कळलं, असं विचारलं त्यांनी.

रुक्मिणीबाई : तू काय सांगितलंस?

पूजिता : काय सांगणार? माझे वडील महिनाभर सांगत होते. मी इथंच बसले होते, लॅपटॉप घेऊन, हाताच्या अंतरावर. मीटिंग असली की यांचा आवाज जातो म्हणून बाहेर जाऊन दार लोटून घ्यायचे.

रुक्मिणीबाई : तुझ्या एकटीचा दोष नाही तो.

पूजिता : आम्हाला का नाही शिकवलं यांनी? एक शब्द नाही, अत्ते. कधीच नाही.

रुक्मिणीबाई : मंडी मोहल्ल्यात राहायचो तेव्हा. शाळेत पद्माला धडा वाचायला उभं केलं, आणि कन्नड वाचता वाचता एक मराठी शब्द मध्ये घुसला. सगळा वर्ग हसला. मास्तर म्हणाले, शिंप्याचं पोर तू, सुई धर, पुस्तक कशाला? घरी आला तो जेवलाच नाही. त्यानंतर असा अभ्यास केला की त्याच मास्तरांनी पुढं हार घातला त्याला. पण त्या दिवसापासून बाहेर कुठं मराठी बोलला नाही. लग्न तुझ्या आईशी, कमलाक्षीशी केलं, ती कन्नडच. रविकिरण बोलायला लागला तेव्हा पद्मा मला म्हणाला, अक्का, माझ्या मुलांशी मराठी बोलणार असशील तर येऊ नकोस. मग मी आलेच नाही.

पूजिता : आणि आजी? आजी तर इथंच राहायची.

रुक्मिणीबाई : आईला दुसरी भाषा कुठं येत होती?

पूजिता : आम्हाला वाटायचं, आजीला ऐकू येत नाही. आम्ही खुणा करायचो तिला. जेव, झोप, टीव्ही लावू का... सगळं खुणांनी. ती हसायची.

रुक्मिणीबाई : कान तिचे शेवटपर्यंत तिखट होते.

पूजिता : आणि अप्पा? ते बोलायचे तिच्याशी?

रुक्मिणीबाई : मुलांसमोर तोही नाही बोलायचा. सकाळी तुम्ही उठायच्या आत काय बोलत असेल तेवढंच. पण एक सांगू? त्यानं वाईटच केलं असं म्हणवत नाही मला. तो ऑफिसर झाला. रविकिरण परदेशात गेला, तू एवढी शिकलीस. माझी दोन्ही पोरं मराठी बोलतात झकास, आणि अजून मशीनवर दुसऱ्यांच्या पँटी आखूड करतायत. कुणाचं बरोबर म्हणू?

पद्मनाभ : अक्का... आई कुठाय?

रुक्मिणीबाई : आहे रे. आत आहे.

पूजिता : काय विचारतायत?

रुक्मिणीबाई : आई कुठं म्हणून विचारतोय. आहे म्हटलं.

पूजिता : अत्ते, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत मला एक वाक्य शिकवा. अप्पांना मला कळलं नाही, एवढंच सांगायचंय. दुर्लक्ष नाही केलं, कळलंच नाही.

रुक्मिणीबाई : म्हण, अप्पा, मला कळलं नाही.

पूजिता : अप्पा... मला कळं... कळलं नाई.

रुक्मिणीबाई : जवळ जा. हात धर त्याचा.

पूजिता : अप्पा, मला कळलं नाही. मला कळलं नाही, अप्पा.

पद्मनाभ : अक्का, ही बाई... कोण आहे गं? सारखी रडते. जाऊ दे हिला घरी. हिची माणसं... वाट बघत असतील.

पूजिता : काय म्हणाले? अत्ते, एवढं मोठं काय म्हणाले?

रुक्मिणीबाई : काही नाही गं. पाणी मागतोय.

पूजिता : पाणी हा शब्द मला कळतो, अत्ते.