भट्टीवरची पंगत

(हुडकेश्वरला कांताबाईंचं घर. हिमानीने केलेला माहितीपट लॅपटॉपवर चालू आहे. उद्या सीताबर्डीला त्याचा खेळ.)

कांताबाई : थांबव. थांबव म्हनते न! मी काहून रडून राहिली इथं?

हिमानी : मावशी, तोच सीन गाजतो. पुण्यात लोकांनी रुमाल काढले.

कांताबाई : काढतीनच. मागून बासरी वाजवून राहिली तू. कोन मेलं? मोतीबिंदूचं आपरेशन झालतं माहं. डोयात औषध टाकलं होतं, गळत होते. मी तर हासून सांगत होती. आवाज कुठी गेला माहा?

हिमानी : तिथे कॉमेंट्री आहे. ‘सोसणाऱ्या बायांची कहाणी...’

कांताबाई : सोसनाऱ्या! वस्तीतली दारूभट्टी बंद पाडली वं आमी. कशी पाडली, हाये याच्यात?

हिमानी : मोर्चा आहे ना.

कांताबाई : मोर्च्याले तर भट्टीवाला सरबत पाजे, इतका बेशरम! भट्टी उठली पंगतीनं. सांजच्याले नवऱ्याचं ताट वाढाचं अन् थेट भट्टीवर. लेकरं घेऊन तिथंच मांडी घालाची. ‘घ्या जी, अजून एक पोयी.’ बाजूले पोरगी पाढे म्हनते, कोनाच्या गळ्याखाली दारू उतरन? गिऱ्हाईकच पळालं. हे सारं तुले सांगतलं मी.

हिमानी : फिल्म लांबत होती, मावशी.

कांताबाई : बासरीले बरी जागा भेटली! खरं बोल.

हिमानी : त्यात बाबा आहेत.

कांताबाई : हायेतच.

हिमानी : पहिलं ताट त्यांच्यासमोर ठेवलं होतं. त्यानंतर थेंबाला शिवले नाहीत ते. उद्या हॉलमध्ये सगळे नातेवाईक असतील, त्यांच्या ऑफिसातले लोक असतील. त्यांच्यासमोर या वयात त्यांना पुन्हा भट्टीवर बसवू?

कांताबाई : अन् ताट ठेवलं कोनं? आमी तर काठ्या घेऊन निघालो होतो. तुही माय आडवी आली. गोपिका म्हने, काठ्या ठेवा, ताटं घ्या. बापाले झाकता झाकता मायले पुसलं तू! अन् तिच्या अकलेच्या जागी मले रडाले बसवलं.

हिमानी : शेवटी आईचा फोटो आहे.

कांताबाई : हार घातलेला! मरनं हेच काम केलं का तिनं?

हिमानी : मावशी, ओरडू नको. बाबांना विचारायची माझी हिंमत नाही झाली.

कांताबाई : काल येऊन गेला तुहा बाप, बळीराम. उद्यासाठी नवा सदरा शिवला म्हने.

हिमानी : फिल्मबद्दल काही बोलले?

कांताबाई : विचारत होता, ‘गोपिकाच्या ताटाचं सांगतलं न, कांताबाई? अन् ते कोनासाठी होतं, तेही सांगतलं न?’