दवाखान्यावरचा पिंपळ

—नाही म्हणजे नाही, भाऊ. फोटो दवाखान्याचा काढा, पिंपळाचा काढा, पाहिजे तर त्या बोकडाचा काढा, मला त्यात घेऊ नका. वनानंच सांगितलं ना तुम्हाला — हा पिंपळ माझ्या आईनं तांब्या-तांब्या पाणी घालून वाढवला? येईल त्याला हेच सांगतो. पोरगा माझाच, पण तोंड आवरत नाही. आणि तुम्ही तरी काय, लोक सोनगीरचा किल्ला बघून मुकाट घरी जातात, तुम्ही फटफटी घेऊन या आडगावात, पडका सरकारी दवाखाना बघायला! काय म्हणालात? सुंदर? — आहेच सुंदर. मला काय डोळे नाहीत? छप्पर गेलं तिथं फांद्यांचं छप्पर झालं. तो लाल त्रिकोण बघा, कुटुंबनियोजनाचा, त्याच्या मधोमध मूळ उतरलंय, मांडीएवढं. आत बाळंतपणाचं लोखंडी टेबल आहे, त्याचा पाय मुळानं असा आवळलाय, चार गडी लागले तरी सुटायचा नाही. पोपट आहेत, मुंगूस आहे. चैत्रात बठ्ठं गाव भाजून निघतं, इथं मात्र गार. मीपण येऊन बसते. तेच तर वाईट, भाऊ. सुंदर झालंय.

वाढवला मी, खोटं नाही. पण कसा, ते वनाला ठाऊक नाही. — मी सुईण होते. सासूनं शिकवलं. या गावातली निम्मी पोरं या हातांत पडली, वाटेनं चालले की माणसं बाजूला सरायची, भिकुमाय चालली म्हणून. मग हा दवाखाना झाला आणि एरंडोलकडची सुनंदाबाई आली, नर्स. वाईट होती का? नाही, वाईट नव्हती. हसून बोलायची. पण पहिल्याच आठवड्यात तिनं दहा बायांसमोर माझे हात धरले, उलटे केले, म्हणाली, "भिकुबाई, ही नखं बघा, या नखांनी बाळंतपण करता?" — आणि साबण दिला हातात, आणि ब्रश. घासा म्हणाली. मी घासले. दहा जणी बघत होत्या. खरं बोलली ती, माती होतीच नखांत, शेतातून आले होते. पण खरं बोललेलंच जास्त लागतं की नाही? त्यानंतर माझ्या दारावरून बाया तिच्याकडं जायला लागल्या, मान खाली घालून. आणि मी? मी तिथंच झाडझूड करायला लागले. खायला तर पाहिजे.

मग एकदा खिडकीच्या वर, भिंतीच्या फटीत पिंपळ फुटला. चार पानं. पाखरानं बी टाकलेलं असणार. सुनंदाबाई म्हणाली, "भिकुबाई, उपटून टाका, नाहीतर भिंत फोडेल." बरोबर होतं तिचं. दोन बोटांत निघाला असता, भाऊ — या दोन बोटांत. मी म्हणाले, "बाई, पिंपळ उपटला तर वंश बुडतो." ती तेव्हा पोटुशी होती. पुन्हा उपटायचं नाव काढलं नाही तिनं. शिकलेली होती तरी घाबरली. घाबरेल हे मला माहीत होतं, म्हणून तर बोलले.

आणि दुसऱ्या दिवसापासून पाणी घालायला लागले. सोनगीरच्या तांबटाकडचा तांब्या होता माझा, लग्नातला. शिडी लावायची, चढायचं, फटीत ओतायचं. देवाला नाही हो! देव कुठून आला मधे? मला ती भिंत फुटायला पाहिजे होती. पण पिंपळाला पाणी घालणाऱ्या बाईला कोण काय विचारणार? बाया म्हणायच्या, भिकुमाय केवढी देवभोळी शे! मग त्याही यायला लागल्या, दर शनिवारी, दोरे गुंडाळून, हळदकुंकू वाहून. सहा वर्षं गेली. भिंतीला तडा गेला, बोट जाईल एवढा, मग हात जाईल एवढा. धुळ्याहून इंजिनेर आला, म्हणाला झाड काढा, भिंत बांधून देतो. बाया आडव्या बसल्या, भिंतीला पाठ लावून. सगळ्यांत पुढं कोण? — मीच. मग दवाखाना उचलून तीन कोसांवर नेला. सुनंदाबाई जाताना माझ्या पाया पडली, भाऊ. मीच मोठी म्हणून.

पुढच्याच वर्षी सुगंधा अडली. वनाची बायको, माझी सून. मूल आडवं होतं. हात लावल्याबरोबर कळलं मला, आणि हेही कळलं की हे माझ्या हातचं नाही. सुनंदाबाई इथं होती तेव्हा निरोप गेला की जीप यायची, सुई टोचून ती पोरीला धुळ्याला घेऊन जायची. मी काय केलं? हात घासले. तसेच, ब्रशनं, रक्त येईपर्यंत. मग गाडी जुंपली. सुगंधा सारखी म्हणायची, "माय, तू शे ना? तू शे ना जोडे?" — जवळ आहेस ना, म्हणून. दोन कोसांवर तिचं बोलणं थांबलं. वनानं बैल थांबवले नाहीत, त्याला कळलंच नव्हतं. मला कळलं होतं, तरी मी सांगितलं नाही. दवाखान्याच्या दारात गाडी थांबली, सुनंदाबाई धावत बाहेर आली, तेव्हा कळलं त्याला.

वनानं दुसरी केली नाही. वंश बुडतो म्हणाले होते ना मी? बुडला. उपटला नाही तरी बुडला. आणि तो येडा दर शनिवारी या पिंपळाला पाणी घालतो, सुगंधाच्या नावानं. म्हणतो, आईनं वाढवलेला देव आहे, ती इथंच असेल. सांगू त्याला? तुम्ही सांगा, भाऊ, शिकलेले आहात. आठ वर्षं झाली, दर शनिवारी तोंड उघडते आणि—

आज काय वार?

थांबा. गप बसा. काही बोलू नका.

—ये रे, वना. काही नही रे, या भाऊले झाडनी गोट सांगत होते. फोटो? माझा? हं... बरं, दे तो तांब्या. सरक तिकडं, ओतते मी.

काढा, भाऊ. लवकर काढा, आणि जा.